बेन नेव्हिस आज दिसेल का? : आमच्या गेस्ट हाऊसची वाटचाल

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला लागूनच बॅनाव्ही नावाचं गाव आहे. तिथे आम्ही नवरा-बायको पाच खोल्यांचं गेस्ट हाऊस चालवतो. जवळच टॉमस टेलफर्डने बांधलेला कॅलेडोनियन कालवा आहे. १८२२ साली तो सुरू झाला आणि त्यातले ओळीने असलेले आठ जलपाश, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणारे दरवाजेबंद हौद, बोटींना अजूनही सुमारे वीस मीटर वर चढवतात. पलीकडे बेन नेव्हिस आहे, १,३४५ मीटर उंचीचा, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. पाहुणे त्याच्यासाठी येतात आणि तो बहुतेक वेळा ढगात असतो. आमचा सगळा व्यवसाय या एका गोष्टीभोवती उभा राहिला आहे.

आम्ही दोघं मूळचे चिपळूणचे. ग्लासगोतल्या नोकऱ्या सोडून २०१४ साली ही वास्तू एका वयस्कर जोडप्याकडून विकत घेतली. व्यवहार झाल्यावर मालकीणबाई काही दिवस राहिल्या आणि न्याहारीच्या वेळा, चादरींचा हिशेब, बॉयलर असं सगळं त्यांनी शिकवलं. त्यांचं एक सांगणं आम्ही आजही पाळतो : हवेबद्दल पाहुण्यांची माफी मागायची नाही, त्यांना हवा समजावून सांगायची.

ते आम्हाला जमलं, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हा पाऊस परका नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला धडकते, वर चढते, गार होते आणि बरसते. फरक इतकाच की इथे अटलांटिकवरून येणारे वारे वर्षभर थांबत नाहीत, त्यामुळे उघडीप हाच खरा हंगाम. शिखरावर वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बर्फ पडतो. हे कळलं कारण १८८३ ते १९०४ या काळात वर एक वेधशाळा होती आणि तिथले निरीक्षक वादळातसुद्धा दर तासाला नोंदी घेत. त्या नोंदींनुसार नोव्हेंबर ते जानेवारीत शिखर जवळजवळ ऐंशी टक्के वेळ ढगात असतं, आणि मे-जूनमध्येही निम्म्याहून जास्त. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन १८९४ च्या सप्टेंबरमध्ये त्या वेधशाळेत राहिले. ढगांवर पडणारी सूर्याची रंगीत वलयं पाहून त्यांना ती प्रयोगशाळेत घडवावीशी वाटली. त्यातूनच पुढे क्लाउड चेंबर, म्हणजे विद्युतभारित कणांचे माग दाखवणारं उपकरण, आलं आणि १९२७ चं नोबेल मिळालं. ही हकिकत आम्ही न्याहारीच्या टेबलावर सांगतो. डोंगर दिसला नाही म्हणून हिरमुसलेली माणसं मग ढगाकडेच टक लावून बसतात.

पहिल्याच वर्षी एक निर्णय घेतला : डोंगराच्या बाजूच्या खोल्यांना जादा दर लावायचा नाही. आजूबाजूला बहुतेक जण लावतात. पण जे दाखवणं आमच्या हातात नाही त्याचे पैसे घेणं आम्हाला पटलं नाही. त्याऐवजी जेवणघराची भिंत काढून रुंद काच बसवली, म्हणजे तो दिसेल तेव्हा सगळ्यांना दिसेल.

दुसरा खर्च केला तो कपडे वाळवायच्या खोलीवर. मिलगायहून निघणारी ९६ मैलांची वेस्ट हायलँड वे ही पायवाट फोर्ट विल्यमला संपते. ती चालून आलेला माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याला आधी देखावा नको असतो, कोरडे बूट हवे असतात. आमच्याकडे परत येणारे पाहुणे सर्वांत जास्त नाव काढतात ते या खोलीचं.

भारतातून विचारणा होते ती बहुधा जुलै-ऑगस्टसाठी. आम्ही दरवेळी सांगतो, मे महिन्यात या. एप्रिल ते जून हा इथला त्यातल्या त्यात कोरडा काळ. वर घळींमध्ये बर्फ असतो आणि खाली रानात ब्लूबेल्स फुललेली असतात. जूनमध्ये सूर्य वायव्येला, रात्री दहाच्या सुमारास मावळतो. एरवी सावलीत असणारे उत्तरेचे कडे तेव्हा तासभर तांबूस उजळतात. बॅनाव्ही डोंगराच्या वायव्येला असल्यामुळे तो उजेड थेट आमच्या काचेतून दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वारा पडला की मिज, म्हणजे बारीक चावरी चिलटं, थव्याने येतात. खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत, तरी अंगणात चहा प्यायचा असेल तर वारा असलेली संध्याकाळ निवडा. ऑगस्टअखेर हेदर फुलून उतार जांभळे होतात. ऑक्टोबरमध्ये नेचे तपकिरी पडतात आणि माजावर आलेल्या सांबरासारख्या लाल हरणांचं ओरडणं दरीभर ऐकू येतं. मला स्वतःला हाच महिना सर्वांत आवडतो, पाऊस धरूनसुद्धा.

हिवाळ्यात आधीचे मालक घर बंद ठेवत. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो आणि सकाळी बराच वेळ तो बेन नेव्हिसच्या मागेच असतो. हिटिंगचं बिल भाड्यातून निघत नाही. पण जानेवारी ते मार्च बर्फावर चढाई करणारे गिर्यारोहक उत्तरेच्या कड्यांसाठी येतात, हे हेरून आम्ही ते महिने उघडले. ते पहाटे पाचला निघतात. रात्रीच थर्मास, सँडविच आणि हिमस्खलनाच्या इशाऱ्याची प्रत टेबलावर ठेवतो. हवा बिघडली म्हणून बेत रद्द करून परत आलेल्यांना न्याहारी उशिरा का होईना, गरम मिळते. पोरिज असतं आणि आधी सांगितलं तर कांदेपोहेही असतात.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. १५ जुलैला दारं उघडायची परवानगी मिळाली, जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं ते एप्रिलअखेरपर्यंत. त्या काळात ठेव म्हणून घेतलेली प्रत्येक रक्कम आम्ही परत केली. बचत संपली, पण त्यातले कितीतरी जण नंतर आले. पुढे अल्पमुदतीच्या निवासाचा परवाना सक्तीचा झाला. अग्निसुरक्षेपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत कागद जमवताना दमछाक झाली, तरी पाहुण्यांच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे असं माझं मत.

आता दारातल्या पाटीवर मी रोज सकाळी तीन गोष्टी लिहिते : ढगाचा तळ किती उंचीवर आहे, वारा कुठून आहे आणि उघडीप कधी अपेक्षित आहे. अंदाज चुकला तर दुपारी पुसून नवा लिहिते. येत्या हिवाळ्यात वरच्या दोन खोल्यांना तिहेरी काचा बसवणार आहोत, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर बंद राहील. जानेवारीपासूनचं बुकिंग सुरू आहे.