नातवंडाची भेट मागताना

आज इंदूरच्या कुटुंब न्यायालयाबाहेर एक आजी-आजोबा परत आलेला अर्ज हातात धरून उभे होते. फाइलवर नातवाचा शाळेच्या गणवेशातला फोटो टाचलेला. नातू पुण्याला आईजवळ, अर्ज मात्र इथे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम ९ सांगतं: मूल जिथे नेहमी राहतं, तिथेच अर्ज करायचा.

त्याहून मोठी चूक मागणीत असते. आई किंवा वडील हयात आणि लायक असतील, तर ‘आम्हाला पालक नेमा’ हे कलम १९मुळे टिकत नाही. भेट मागा, आणि नेमकी मागा: महिन्याचा दुसरा रविवार ११ ते ५, बुधवारी व्हिडिओ कॉल, मे महिन्यात दहा दिवस. निकालाला वेळ लागतो, म्हणून सोबत तोवरच्या भेटीसाठी अंतरिम (तात्पुरता) अर्जही द्याच. अर्जात सुनेची निंदा तर अजिबात नको, न्यायालय मुलाचं हित बघतं.

आई-वडील दोघेही गेले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा पालकत्व जरूर मागा. पालक व्हायला तयार असल्याच्या संमतीपत्रावर तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. वयाला घाबरू नका. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी आजी-आजोबांनाच दिला.