पुन्हा तो पिवळा दिवा

दुपारी गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पुन्हा लागला. गाडीला तसं काही झालेलं नाही. आवाज नेहमीचा, ओढ नेहमीची. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड पी०१३५, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरचा हीटर. जुनी गाडी बाळगणाऱ्याला हे आकडे न शिकता पाठ होतात. ०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरचा हीटर, ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी, आणि ०४२०, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तक्रार, दिसला की सीटला टेकून जरा वेळ गप्प बसायचं.

अशा वेळी शेजारीपाजारी दोनच सल्ले देतात. पहिला, कोड पुसून टाका. कोड पुसणाऱ्यांचं मला आजवर काही कळलेलं नाही. त्या कोडसोबत गाडीच्या कॉम्प्युटरनं त्या क्षणाची नोंद जपलेली असते. इंजिन किती तापलं होतं, वेग किती, लोड किती. तीही पुसली जाते. आणि कोड तर येतोच, फक्त सावकाश. कारण बरेचसे कोड एकाच प्रवासातल्या चुकीवर दिवा लावत नाहीत, पुढच्या प्रवासात तीच चूक दिसेपर्यंत थांबतात. दुसरा सल्ला, सेन्सर बदला. का, तर कोडमध्ये नाव सेन्सरचं आहे!

माझ्या लहानपणी हा सेन्सर मी होतो. बाबा बॉनेट उघडून कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचे, मान तिरकी करून इंजिन ऐकायचे, आणि मला सायलेन्सरमागे उभं करायचे. “डोळे चुरचुरतात का रे?” “हो!” म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. स्क्रू थोडा आत. “आता?” आता कमी. मग इंजिन गार झाल्यावर प्लग काढायचा. टोकावर काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, आणि भुरा रंग आला की बाबा तो प्लग उन्हात धरून इतका वेळ बघत बसायचे की आतून हाका यायला लागायच्या. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास म्हणून नसतो, हे आम्हां दोघांच्याही गावी नव्हतं. पण मिश्रण बिघडलं म्हणून बाबांनी कधी मला बदललं नाही.

१९७६ साली बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत बसला. आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटीशी टोपी असते. तिच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकानं तिच्यात वीज तयार होते. मिश्रण रिच असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा जमली की मधलं ०.४५. पण ही टोपी गार असताना तोंड उघडत नाही; तीनेकशे अंश तापावी लागते, म्हणून हीटर. हा हट्ट जुनाच आहे. वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झिर्कोनियाच्याच कांडीचा विजेचा दिवा केला होता. ती कांडीही आधी तापवल्याशिवाय वीज पुढे जाऊ देत नसे.

तर हीटरचा कोड आला की आधी फ्यूज बघावा. मग वायर गरम पाइपला टेकून वितळली आहे का, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का. मग मल्टिमीटर लावून हीटरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, मोजावा. थोडेसेच ओहम यायला हवेत. सर्किट उघडं, म्हणजे आत तुटलेलं, दिसलं तर मात्र सेन्सर खरोखर गेला. लीनच्या कोडमध्ये तर फसगत आणखी मजेदार. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला बारीक तडा असला की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर इमानेइतबारे ‘ऑक्सिजन जास्त’ म्हणून कळवतो, कॉम्प्युटर विश्वासानं पेट्रोल वाढवतो, आणि लीनच्या तक्रारीपायी इंजिन रिच चालायला लागतं.

मला स्वतःला कोडपेक्षा स्कॅनरवरचा आलेख बघायला आवडतो. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर एकसारखा वर-खाली, त्याच्या मागचा जवळजवळ सरळ. मागचाही त्याच तालावर नाचायला लागला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला असं समजावं. अर्थात तिथेही आधी गळती तपासलेली बरी. घरच्यांच्या मते मी गाडी चालवण्यापेक्षा उभ्या गाडीत जास्त बसतो. असेल.

दिवा नुसता लागून राहिला असेल तर हे सगळे लाड चालतात. तो लुकलुकायला लागला तर नाही. तेव्हा सिलिंडरमध्ये मिसफायर होत असतो, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नसतं, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं आणि आतली जाळी वितळू शकते. गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी, आणि तीही वाळलेल्या गवतावर उभी करू नये.