दात, धावणं आणि राग: स्कॉटलंडच्या शाळेतला आरोग्याचा अभ्यास

स्कॉटलंडच्या अभ्यासक्रमात 8 क्षेत्रं आहेत. 'आरोग्य आणि स्वास्थ्य' हे त्यातलं एक. पण लिहिणं-वाचणं आणि आकडेमोड यांच्याबरोबर या विषयाची जबाबदारी प्रत्येक शिक्षकावर असते. माध्यमिक शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांनाही 'तो माझा विषय नाही' म्हणून अंग काढून घेता येत नाही.

सुरुवात दातांपासून होते. 'चाइल्डस्माइल' या सरकारी योजनेत बालवाडीतली मुलं बाईंच्या देखरेखीखाली ब्रश करतात. वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची, दात घासून झाले की फेस थुंकायचा आणि चूळ मात्र भरायची नाही. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहावं, हा त्यामागचा हेतू. खळखळून चूळ भरल्याशिवाय आमच्या घरात कुणाचं तोंड धुऊन होत नाही. त्यामुळे लेकीनं हा नियम घरी लागू केला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रोज धावण्याच्या 'डेली माइल' या उपक्रमाचा उगम इथलाच. 2012 साली स्टर्लिंगमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी तो सुरू केला. रोज 15 मिनिटं वर्ग सोडून मोकळ्या हवेत जायचं, अंगावर आहे त्या कपड्यांत धावायचं, दमलं तर चालायचं. शर्यत नाही, पहिला नंबर नाही. (पहिल्या नंबराशिवाय धावायचं कशाला, हा प्रश्न आमच्या ओळखीतल्या एका काकांनी गंभीरपणे विचारला होता.) आठवड्याला 2 तासांचं पीई (शारीरिक शिक्षण) असतं, ते वेगळं.

हे सगळं आपल्या पचनी पडतं. खरी कसोटी मनाच्या आरोग्यापाशी लागते. इथे मुलाच्या स्वास्थ्याचा विचार 8 बाजूंनी करतात: ते सुरक्षित आहे का, निरोगी आहे का, त्याला माया मिळते का, कुणी त्याला वगळत तर नाही ना, वगैरे. अनेक वर्गांत सकाळी मुलं आपापला मूड सांगतात. राग आलाय असं सांगितलं तर 'शहाण्यासारखं वाग' म्हणत नाहीत. राग शरीरात कुठे जाणवतो ते विचारतात. मला सुरुवातीला हे लाड वाटले होते. पण पोटात गोळा आलाय, हे भांडण व्हायच्या आधीच सांगता येणारं पोर भांडतं कमी, असं आता माझं मत झालंय.

शरीराच्या अवयवांची खरी नावंही लहान वर्गांपासूनच शिकवतात, गुप्तांगांचीसुद्धा. नको तिथे कुणी हात लावला तर मुलाला ते स्पष्ट सांगता यावं म्हणून. इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून बरंच तापलं. मी शाळेच्या बाजूनं आहे; आपली बोबडी, लाडाची नावं अशा वेळी कामाची नाहीत.

शाळेत मुलांना त्यांचे हक्कही समजावतात. इथल्या कायद्यानं 7 नोव्हेंबर 2020 पासून आईबापांनाही मुलांवर हात उगारता येत नाही. पाठीत धपाटा हा आपल्या संगोपनाचा जुना आधारस्तंभ असल्यानं काही घरांत यावर अजून कुजबुज चालते.

पालकसभेला गेलं की बाई आधी सांगतात, लेक कुणाबरोबर खेळते, मदत मागते का, हिरमुसली तर सावरते कशी. शेजारच्या टेबलावरून हमखास आपल्यातल्या कुणाचा तरी आवाज येतो, 'ते ठीक आहे हो, पण मॅथ्सचं काय?'