तव्याच्या या बाजूला

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आई झोपली. मला झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

दोन महिने तिच्या मागे लागले होते, होटगी रोडला ते जपानी हॉटेल झालंय, तिथं जाऊ. दर वेळी एकच उत्तर, "कशाला पैसे घालवतीस?" शेवटी दारावरच्या दरांचा फोटो काढून दाखवला. काकडीची माकी, म्हणजे भाताची गुंडाळी केलेली सुशी, सहा तुकडे, १६० रुपये. तव्यावरचा भात आणि भाज्या, २२०. तेव्हा कुठे तयार झाली. होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरलीय, त्यामुळे पार्क चौकात रिक्षा अडकली आणि तेवढा वेळ ती परत फिरू म्हणत होती.

आधी सुशी आली. एक तुकडा तोंडात घातला आणि थांबली. "भात आंबलाय गं."

आंबलेला नाही, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवतात, असं मी सांगितलं. पण तिची जीभ चुकली नव्हती. सुशी या शब्दाचं मूळच आंबट या अर्थाचं आहे. पूर्वी मासा टिकावा म्हणून मीठ लावून भातात दाबून ठेवायचे, महिनोन्महिने. भात आंबायचा, मासा टिकायचा, आणि भात टाकून द्यायचे. "टाकून?" आईला तेवढंच लागलं.

ऑफिसातले म्हणतात, कच्चा मासा नाही तर ती सुशी कसली. मला ते पटत नाही. सुशी म्हणजे तो आंबट भात. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. समुद्रापासून इतक्या लांब आपल्या गावात काकडी आणि शिजवलेली कोळंबी यावरच ते थांबलेत, हे बरंच केलं. भात मात्र गारढोण होता. तो अंगाच्या उबेइतका हवा, नाहीतर दाणा टणक होतो.

बशीच्या कडेला वसाबीची वाटाण्याएवढी हिरवी गोळी होती. मी नको म्हणेपर्यंत आईने चटणी म्हणून जिभेवर ठेवली. डोळ्यांत टचकन पाणी. नाक दाबून म्हणाली, "फेसलेली मोहरी हाय ही!" अगदी बरोबर. वसाबीचा आणि मोहरीचा झणका एकाच द्रव्याचा असतो. आपल्याकडे मिळते ती तर बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाच्या दुसऱ्याच मुळाची, हिरवा रंग घातलेली. दोन घासांमध्ये तोंड साफ करायला आल्याच्या गुलाबी चकत्या देतात, त्या तिने सगळ्या संपवल्या.

मग आम्हाला तव्यासमोर बसवलं. पाटीवर हिबाची लिहिलं होतं. जपानात हिबाची म्हणजे निखाऱ्यांचं भांडं, आपल्या शेगडीसारखं, हात शेकायला. गिऱ्हाइकासमोर लोखंडी पत्र्यावर भाजायची पद्धत वेगळी, तिचं नाव तेप्पानयाकी. १९४५ साली कोबे शहरात एका हॉटेलात ती सुरू झाली. पुढे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला असं हॉटेल निघालं आणि अमेरिकेत तिला हिबाची म्हणायला लागले. मी हे सांगत होते, पण आईचं लक्ष तव्यावर होतं.

पलीकडे मणिपूरचा एक पोरगा उभा होता. त्याने बोटं ओली करून तव्यावर पाणी शिंपडलं. थेंब गोल होऊन पळाले. "आता घाल," आई म्हणाली. त्याला मराठी येत नव्हतं. तरी तो हसला आणि त्याच क्षणी त्याने तेल सोडलं.

बावीस वर्षं आई कडक भाकरी करून विकते. पहाटे चारला चूल. थापायची, टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग मंद आचेला उभी करून वाळवायची, पापडासारखी होईपर्यंत. उजव्या अंगठ्याची रेघ पुसली गेलीय. रेशनला मशीनवर तिचा ठसा उठत नाही. घरी सगळे जेवून झाले की उरलंसुरलं घेऊन ती तिथंच चुलीपाशी बसते. तव्याच्या या बाजूला बसलेल्या आईला दुसरं कुणी गरम वाढतंय, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. घास गिळवेना मला.

त्याने कांद्याच्या चकत्या रचून आत तेल ओतून जाळ काढला, शेजारची पोरं किंचाळली. आईला त्याचं काही वाटलं नाही. ती त्याचे हात बघत होती. दोन उलथनी, एकाने भात मोडायचा, दुसऱ्याने गोळा करायचा, मध्ये लसूण, कोबी, वरून सोया सॉसची धार. लसणाचा रंग बदलायच्या आत कोबी पडला तशी तिने मान हलवली. पहिला घास घेऊन म्हणाली, "हाताला चव हाय पोराच्या." मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याने उलथनी बाजूला ठेवून तिला नमस्कार केला.

बिल दिलं, रिक्षा बोलावली, तरी आई उठेना. तो तवा खरवडत होता. मग पाणी ओतलं, वाफेचा लोट उठला, फडक्याने कडेपर्यंत पुसून घेतलं, शेवटी तेलाचं बोट फिरवलं. तवा काळाभोर चमकला.

"चल आता," आई म्हणाली.