तुम्ही विचारलंत म्हणून: मुदत संपलेल्या रोलवर फोटो येतात का?

येतात. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आणि बँकेच्या रांगेत विचारून झालाय. दाताच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारला. त्याच्या पाठोपाठ येतं ते, “मग सरळ नवा रोल का नाही घेत?” यावर मी पूर्वी जुन्या फिल्मचा पोत, तिचा मूड वगैरे बरंच काही सांगायचो. खरं कारण अगदीच पेठी आहे. टाकवत नाही.

बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात गेलात, तर कुलपं, नळ आणि बंद घड्याळांच्या ढिगात कधीतरी एखादा रोलचा डबा दिसतो. कधी ‘इंदू’, म्हणजे आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, कधी पूर्व जर्मनीचा ऑर्वो. मी विकणाऱ्याला तारीख विचारत नाही, ती डब्यावर असतेच. रोल कुठे ठेवला होता, ते विचारतो. उत्तर ठरलेलं: “एकदम थंड जागेत, साहेब.” बहुतेक वेळा ती थंड जागा म्हणजे पत्र्याखालचा माळा असतो.

जागेला एवढं महत्त्व का, तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. उजेड लागलेला कण डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, काळा होतो, न लागलेला हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, विरघळून जातो. पण उष्णतेनं आणि वातावरणातल्या किरणोत्सर्गानं डब्यातल्या अंधारातही काही कण वर्षानुवर्षं हळूहळू ‘लागत’ असतात. कोणता कण उजेडानं लागला आणि कोणता उकाड्यानं, हे डेव्हलपरला कळत नाही. तो दोघांनाही काळं करतो, आणि सगळ्या निगेटिव्हवर राखाडी पडदा पडतो. तोच फॉग. 400 एएसएचे, म्हणजे कमी उजेडातही चालणारे, रोल यात लवकर नासतात, 25 किंवा 100 चे बऱ्यापैकी तग धरतात.

माझा लाडका रोल ऑर्वो एनपी 22, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा, 125 एएसए. एका डब्यावर मुदत होती 1991. म्हणजे रोलच्या आधी देशाचीच मुदत संपली. ढोबळ नियम असा की मुदत संपून दर दहा वर्षं झाली की एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा. तीस-पस्तीस वर्षांचे तीन-साडेतीन स्टॉप, म्हणून मी तो 12 एएसए समजून वापरला. पर्वतीच्या पायऱ्यांवर भर उन्हात लेन्सचं तोंड एफ 5.6 आणि शटर 1/125 सेकंदाच्या आसपास ठेवून भागलं. वाड्याच्या चौकातल्या सावलीत मात्र ट्रायपॉडशिवाय काही खरं नव्हतं, आणि ट्रायपॉड लावला की “मोजणी चाललीय का?” असं विचारायला कुणीतरी येतंच. नियम तसा कामचलाऊ आहे. फ्रिजमध्ये राहिलेल्या रोलला तो लागू करू नका.

खरी मजा धुताना. काळ्या पिशवीत हात घालून रोल टाकीच्या रीळावर चढवायचा, तर इतकी वर्षं गुंडाळून पडलेली फिल्म स्प्रिंगसारखी उसळी मारते. मी एकदा पाऊण तास पिशवीत हात घालून बसलो होतो, आणि तेवढ्यात गॅस सिलिंडरवाला आला.

जास्त वेळ धुतलं की चित्र जास्त निघेल, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. चित्राबरोबर फॉगही निघतो, आणि जुन्या रोलमध्ये तोच पुढे धावतो. म्हणून उजेड सढळ हातानं, धुलाई बेतानं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं, माझ्या डेव्हलपरला, डी-76 ला, हवेत 20 अंश. बादलीत बर्फ टाकून बसावं लागतं. डेव्हलपरमध्ये फॉग आवरायला बेंझोट्रायझोलचं थोडं द्रावण घालतो. 35 मिमीचा रोल असेल, तर शेवटचा दोन इंच तुकडा कापून आधी तेवढाच धुऊन बघतो. फॉग एकसारखा असेल तर फिकीर नाही, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापायच्या यंत्राखाली, वेळ वाढवला की छपाई निघते. 120 च्या, म्हणजे कागदासकट गुंडाळलेल्या रुंद रोलमध्ये, पाठीच्या कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात किंवा सगळीकडे बुरशीसारखे ठिपके येतात, त्याला मात्र इलाज नाही.

लोकांना हे ठिपके आवडतात, “काय व्हिंटेज लूक आलाय!” म्हणतात. मला नाही आवडत. मी ते टाळायलाच बसलेला असतो.

अवघड असतात ते आधीच वापरलेले रोल. शेजारच्या काकू एकदा अग्फा क्लिक थ्री हा जुना कॅमेरा घेऊन आल्या. आत रोल होता, फोटो काढलेला, कधीच न धुतलेला. इथे माझे तीन स्टॉप कामाचे नाहीत, बटण दाबून कित्येक वर्षं झालेली. त्यात फॉग चढत जातो तसं न धुतलेलं चित्र विरत जातं. बाराच्या बारा फ्रेम जातील, असं मी काकूंना आधीच सांगून ठेवलं. “नाहीतरी तो तसाच पडला होता,” त्या म्हणाल्या.

दोन आल्या. एकीत नुसती भिंत. दुसरीवर कागदावरचा सातचा आकडा उमटलेला, त्यामागे अंगण, तुळस, एक सायकल आणि तिच्याजवळ कुणीतरी उभं. काकूंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. माणूस ओळखता येईना.

“सायकल आमचीच,” शेवटी म्हणाल्या. “मडगार्ड वाकलंय बघ.”