ब्रिटनमधलं गॅस-विजेचं बिल: कंपनी बदलण्याआधीचा हिशेब

ब्रिटनमध्ये वीज आणि गॅसची कंपनी निवडण्याचा हक्क बिल भरणाऱ्याचा आहे, मग घर भाड्याचं का असेना. कंपनी बदलली तरी तारा, पाइप, मीटर सगळं तेच राहतं. बदलतात फक्त दर आणि बिल पाठवणारा.

तुलना करताना सगळ्यात जास्त फसवतो तो 'महिन्याला किती कापणार' हा आकडा. डायरेक्ट डेबिटची, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची, रक्कम वर्षाच्या अंदाजी वापरावर ठरते. अंदाज कमी धरला की हप्ता स्वस्त दिसतो आणि थकबाकी हिवाळ्यानंतर अंगावर येते. नुकतंच घर बदललं असेल तर तो अंदाज बऱ्याचदा आधीच्या कुटुंबाच्या वापराचा असतो. म्हणून आधी आपला वर्षभराचा वापर युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-अवरमध्ये काढा. बारा महिन्यांच्या अंतराची दोन खरी रीडिंग घ्या. बिलावर 'एस्टिमेटेड' (अंदाजी) लिहिलेलं रीडिंग यासाठी निरुपयोगी आहे.

विजेचा मीटर थेट युनिटच दाखवतो, गॅसचा मात्र घनमीटर. त्याला 1.02264 ने गुणायचं, मग बिलावर छापलेल्या कॅलरिफिक व्हॅल्यूने (गॅसमधून किती उष्णता मिळते त्याचा आकडा, साधारण 39.5) गुणायचं आणि 3.6 ने भागायचं. 100 घनमीटर म्हणजे सुमारे 1,122 युनिट. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात, तिथे आधी 2.83 ने गुणावं लागतं. कंपनीच्या नोंदीत घनमीटरचा मीटर घनफुटाचा म्हणून लागला, तर बिल जवळजवळ तिप्पट येतं. मीटरच्या तोंडावर एम³ आहे की एफटी³, हे एकदा स्वतः बघून बिलाशी ताडून घ्याच.

आता दर. बहुतेक टॅरिफमध्ये, म्हणजे कंपनीच्या दरयोजनेत, युनिटचा दर असतो आणि रोजचा स्टँडिंग चार्ज, जो वापर नसला तरी द्यावा लागतो. समजा विजेसाठी एक कंपनी रोज 60 पेन्स आणि युनिटला 23 पेन्स घेते, दुसरी 45 आणि 26. स्टँडिंग चार्जमधला फरक वर्षाला 54.75 पौंड. युनिटमागे फरक 3 पेन्स. भागाकार केला की 1,825 युनिट येतात. वापर याच्या खाली असेल तर दुसरी कंपनी स्वस्त, वर असेल तर पहिली. दोघांच्या फ्लॅटमध्ये 1,200 युनिट जळत असतील तर दुसरीकडे 18.75 पौंड वाचतात. मुलाबाळांच्या घरात 3,000 युनिट असतील तर पहिलीकडे 35.25. म्हणूनच मित्राला स्वस्त पडलेली कंपनी तुम्हाला स्वस्त पडेलच असं नाही. शिवाय दर प्रदेशानुसारही बदलतात. दोन्ही दर 5 टक्के व्हॅट धरून आहेत ना, तेही बघा. बिलावर अनेकदा व्हॅटआधीचा दर छापलेला असतो.

गॅस फक्त शेगडीपुरता असेल तर हिशेब आणखी वेगळा. रोज दोन वेळा पोळी-भाजी, कुकर लावला तरी हीटिंगच्या मानाने हा गॅस किरकोळच. स्टँडिंग चार्ज 30 पेन्स धरला तरी वर्षाला 109.50 पौंड नुसत्या जोडणीचे जातात. अशा घरात गॅसची कंपनी बदलण्यापेक्षा इंडक्शन घेऊन गॅसची जोडणी बंद करणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. भाड्याचं घर असेल तर त्यासाठी घरमालकाची परवानगी हवी.

ऑफजेमची (ऊर्जा नियामक संस्थेची) प्राइस कॅप म्हणजे एकूण बिलावरची मर्यादा नव्हे. ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, जास्त वापरलं तर जास्त भरावं लागतं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या 1 तारखेला ती बदलते. फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दर न बदलणाऱ्या, टॅरिफची तुलना आजच्या कॅपशी करून भागत नाही, पुढच्या तिमाहीसाठी जाहीर झालेली कॅपही बघावी लागते. फिक्स्डमध्ये अनेकदा एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्याचा आकार) असते आणि ती बहुतेकदा गॅस आणि विजेची वेगवेगळी. मुदतीच्या शेवटच्या 49 दिवसांत मात्र ती घेता येत नाही. कॅलेंडरवर ही तारीख आजच टाका.

तुलनेच्या वेबसाइटना कंपन्यांकडून कमिशन मिळतं, म्हणून काही साइट आधी कमिशन देणाऱ्या कंपन्यांचीच टॅरिफ दाखवतात. 'संपूर्ण बाजार' दाखवणारा पर्याय निवडा.

इकॉनॉमी 7 घेताना घाई नको. रात्रीचे सात तास स्वस्त असतात, पण दिवसाचा दर चढा असतो. स्टोरेज हीटर (रात्री उष्णता साठवून दिवसा देणारा) नसेल आणि गाडीही रात्री चार्ज होत नसेल तर हे टॅरिफ सहसा महागच पडतं. अनेक जुन्या मीटरांचं घड्याळ उन्हाळ्यातही जीएमटीवरच चालतं, पण तेव्हा ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे स्वस्त तास एक तास उशिरा सुरू होतात.

अर्ज केल्यावर 14 दिवसांत मन बदलता येतं. बदल साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत होतो. त्या दिवशी दोन्ही मीटरांचा, आकडा आणि मीटरचा नंबर दिसेल असा फोटो काढा आणि तेच रीडिंग दोन्ही कंपन्यांना द्या. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं. ते हातात येईपर्यंत जुना डायरेक्ट डेबिट बँकेतून बंद करू नका. गणपतीच्या सुमारास, म्हणजे हीटिंग सुरू होण्याआधी, खात्यात बरीच शिल्लक साठलेली असते. ती बिल निघाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवी, नाही मिळाली तर भरपाई मागता येते.