ओल्या उतारावरची परीक्षा

वापरलेली गाडी विकत घेण्याआधी ती तपासून अहवाल देणं हे माझं काम. ‘टू-व्हील ड्राइव्ह घेऊ की फोर-व्हील?’, म्हणजे इंजिनचा जोर दोनच चाकांना जाणारी गाडी घेऊ की चारही चाकांना जाणारी, असं कुणी विचारलं की माझं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. टू-व्हील घ्या आणि वाचलेल्या पैशांत उत्तम टायर घाला. गाडी आयुष्यभर डांबरावरच धावणार असेल, तर ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचा शाफ्ट आणि पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) मिळून 70 ते 100 किलोचं ओझं कशाला वागवायचं? इंधन जास्त, बदलायची ऑइलं जास्त, कुरकुरणारे जॉइंट जास्त.

त्या दिवशी आलेल्या बाई पशुवैद्य होत्या. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या त्यांनी हेरल्या होत्या. एक फक्त मागच्या चाकांवर चालणारी, दुसरी फोर बाय फोर, म्हणजे फोर-व्हील. दोन्ही एकाच विक्रेत्याकडच्या. त्याचा माणूस सोबत होता आणि त्याचा सगळा जीव फोर बाय फोरवर होता. “मॅडम, ही भिंतीवर चढेल,” असं म्हणत त्याने कोरड्या काँक्रीटवर फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना नेहमीच्या वेगात जोर देणारी जागा, टाकलं, स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी गोल फिरवायला लागला.

गाडी अडखळायला लागली. टायर किरकिरले, स्टेअरिंग जड झालं. त्याने घाईघाईने लिव्हर परत टू-हायवर, म्हणजे दोन चाकांवर, ओढला, तर तो हलेना.

“गिअरबॉक्स गेला का?” बाईंनी विचारलं.

गेला नव्हता. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर जायचं असतं. या जातीच्या गाडीत फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात; मध्ये फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसतो. चिखलात किंवा खडीवर चाकं थोडी घसरून तो फरक मिटवतात. कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर दातांत अडकून बसतो. मी स्टेअरिंग तसंच ठेवून त्याच वाटेने गाडी थोडी मागे घेतली, पीळ सुटला, लिव्हर अलगद बाहेर आला.

पण एवढ्या लवकर पीळ भरला याचं मला नवल वाटलं, म्हणून टायरांची खोली मोजली. मागचे दोन कोरे, 8 मिलिमीटर. पुढचे दोन गोटा होत आलेले, 3 मिलिमीटर. व्यासात 10 मिलिमीटरचा फरक, म्हणजे एका फेऱ्यात जवळपास 3 सेंटिमीटर. या मापाच्या टायरला तो किलोमीटरमागे 13-14 मीटर होतो. सरळ रस्त्यावरसुद्धा ही गाडी फोर-हायमध्ये स्वतःशीच भांडत होती. दोनच टायर बदलून पैसे वाचवणारे लोक फोर बाय फोर का घेतात, हे मला अजून कळलेलं नाही.

इतकं झाल्यावर मी बाईंना सरळ म्हटलं, “टू-व्हीलच घ्या. तिचे चारही टायर चांगले आहेत.”

त्या म्हणाल्या, “माझा रस्ता बघून सांगा.”

रस्ता म्हणजे चिकणमातीचा उतार. वर पक्की सडक, खाली सपाट मैदान आणि त्यापलीकडे गोठे. रात्री कुठली तरी गाय अडली की बाईंनी एकटीने खाली उतरायचं आणि काम आटोपून वर यायचं. आदल्या रात्री पाऊस झालेला. यापेक्षा चांगली परीक्षा मिळाली नसती. विक्रेत्याच्या माणसाचा चेहरा मात्र पडला.

बाईंची सगळी काळजी वर येण्याची होती. माझीही. म्हणून टू-व्हील आधी खाली नेली. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता. अर्ध्यात मागची बाजू डावीकडे सरकली. कारण साधं आहे: उतारावर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि इंजिनची रोखणारी ओढ नेमकी त्याच हलक्या चाकांवर असते. ब्रेकवर पाय ठेवला तर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसमुळे पेडल थरथरलं, गाडी मात्र घसरतच गेली आणि मैदानात जाऊन थांबली.

वर येताना पहिल्या खेपेला ती मध्येच बसली. डावं मागचं चाक चाकोरीत हलकं होऊन जागच्या जागी फिरायला लागलं. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, म्हणून हलक्या चाकाला जेवढा पेलवेल तेवढाच उजव्यालाही मिळत होता. मागे घेऊन मैदानात आलो. मागच्या टायरांची हवा 32 वरून 22 पीएसआयवर आणली, मागच्या सीटवर दोन माणसं बसवली आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय हलका ठेवून, न थांबता नेली. चढली.

मग फोर बाय फोर. ती फोर-हायमध्ये टाकून ब्रेकवर उतरवली, तर टू-व्हीलसारखीच घसरली. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, “ब्रेक तर दोन्ही गाड्यांना चारही चाकांना आहेत की!” दिवसभरात त्याने बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य. थांबताना फोर-व्हील ड्राइव्ह काही देत नाही. तिथे टायर आणि माती यांचंच चालतं.

चढताना ती अर्थातच निमूट वर आली. सडकेवर आल्यावर स्टेअरिंग बाईंना दिलं आणि फोर-लो, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त जोराने फिरवणारी जागा, टाकायला सांगितलं. गाडी उभी, क्लच दाबलेला, लिव्हर न्यूट्रलमधून फोर-लोमध्ये. पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलांपासून दूर. फोर-लोमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन फोर-हायच्या सुमारे 2.5 पट फिरतं, म्हणून त्याची रोखून धरायची ताकदही तेवढी वाढते आणि ती चारही चाकांत वाटली जाते. एकही चाक जाम होत नाही, सगळी हळूहळू फिरत राहतात, त्यामुळे स्टेअरिंग ऐकतं. त्या गोटा टायरांवरही गाडी माणसाच्या चालीने खाली आली. मागची बाजू एकदा किंचित हलली, बाईंनी पाय खाली न आपटता स्टेअरिंगने सावरलं.

माझं मत तिथे बदललं. टू-व्हील चढली नाही तर थांबते; हवा कमी करता येते, वजन टाकता येतं, सकाळपर्यंत वाट पाहता येते. उतरताना सुटली तर यातलं काहीच करायला वेळ नसतो, आणि बाई रात्री एकट्या असणार. क्रॉसओव्हरमध्ये (कारच्या सांगाड्यावर बांधलेल्या उंच गाड्यांत) येणारी आपोआप लागणारी ऑल-व्हील ड्राइव्ह त्यांनी विचारली होती, पण तशा बहुतेक गाड्यांना फोर-लो नसतं, म्हणून इथे तिचा विचारच सोडला.

अहवालात फोर बाय फोर घ्यायला सांगितलं, अटींसह: एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे चार नवे टायर, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदलून. ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या बुचाच्या) चुंबकावर धातूची कीस निघाली तर सौदा रद्द. बाईंनी टायरांचे पैसे किमतीतून वळते करून घेतले. ऑइल माझ्यासमोर काढलं. चुंबकावर नेहमीचा राखाडी लेप होता, कीस नव्हती.

टू-व्हीलचा अहवालही मी स्वच्छ दिला. ती रोज महामार्गावर ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांनी घेतली.